पुराचा पैरा : कृष्णा-पंचगंगेच्या काठी परस्पर मदतीचं जाळं कसं उभं करायचं

ज्याच्या दावणीला एकच बैल, तो शेजाऱ्याशी पैरा करायचा. आज तुझ्या रानात दोन्ही बैल, उद्या माझ्या. त्यात मजुरी नव्हती आणि उपकारही नव्हता, पण कोणाचे किती दिवस झाले हे दोघांनाही तोंडपाठ असायचं. पुराच्या मदतीला हीच रीत लावायची आहे. २००५, २०१९, २०२१ असे तीन महापूर कोल्हापूर-सांगलीनं सोळा वर्षांत पाहिले. दर वेळी मदत भरपूर आली, पण ती पाणी ओसरल्यावर आली, रस्त्याकडेच्या गावांत आली आणि महिन्याभरात आटली. पाणी मात्र परत येतं. म्हणून इथे देणगीचा विचार बाजूला ठेवून करार कसा करायचा, तो कोणाशी, किती माणसांचा, किती वैरणीचा, हे सांगितलं आहे.

जोडीदार माळावरचा हवा

पहिली चूक इथेच होते. नदीकाठची पाच गावं एकत्र येतात, समिती करतात, बॅनर लावतात. मग पूर येतो आणि पाचही गावं एकाच रात्री पाण्यात जातात. ज्यांच्याकडे मदत मागायची तेच पत्र्यावर बसलेले असतात. जाळ्यात निदान अर्धी गावं अशी हवीत जिथे पाणी चढत नाही.

सांगली जिल्ह्याची रचना या बाबतीत सोयीची आहे. पलूस, वाळवा, मिरज पुरात. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ दुष्काळात. दोघांची अडचण वेगवेगळ्या महिन्यांत येते. उन्हाळ्यात नदीकाठच्या गावानं उसाचं वाढं (उसाचे शेंडे) आणि हिरवी वैरण पूर्वेकडे पाठवायची, जुलै-ऑगस्टमध्ये पूर्वेकडून कडबा आणि माणसं यायची. हा खरा पैरा. फक्त लांबच्या गावावर सगळं सोडू नका. पहिल्या दिवशी जनावरं घेऊन जायला पाच-सात किलोमीटरवरचं उंच गाव लागतं आणि नंतरच्या साफसफाईला ताज्या दमाचं लांबचं. म्हणजे प्रत्येक पूरगावाला दोन जोडगावं. करवीर तालुक्यातल्या चिखली-आंबेवाडीकरांना पहिल्या प्रकारची जागा माहीत आहे, ती सोनतळी. बाकीच्या गावांनी आपापली सोनतळी शोधायची.

करार एका पानाचा पुरे. किती कुटुंबं, किती जनावरं, कोणत्या शाळेत आणि कोणाच्या गोठ्यात, किती दिवस, साफसफाईला किती माणसं, बदल्यात काय. दोन्ही ग्रामसभांत वाचून दाखवा. मे महिन्यात करा. जूनला पेरणी सुरू झाली की कोणी बैठकीला येत नाही.

घरयादी

वीस घरांमागे एक माणूस आणि त्याच्या जोडीला एक बाई. या दोघांनी फक्त आपली वीस घरं सांभाळायची. दोनशे घरांच्या गावाला दहा जोड्या होतात. त्यांनी मेअखेर घरोघर जाऊन वहीत लिहायचं : माणसं किती, झोपून असलेलं कोण, गरोदर कोण आणि कितवा महिना, इन्सुलिन किंवा डायलिसिस कोणाला, जनावरं किती, आणि घरात कामाला येईल असं काय आहे. ट्रॅक्टर-ट्रॉली, डिझेल पंप, जनरेटर, नाव, लांब दोर, मोठी भांडी. शेवटचा रकाना लोक विसरतात. मदत लागणाऱ्यांची यादी सगळेच करतात, मदत देऊ शकणाऱ्यांची कोणी करत नाही.

भाडेकरूंची घरं सुटतात, कारण यादी करणारा घरमालकाचं नाव लिहून पुढे जातो. गावकुसाबाहेरच्या, सखल भागातल्या वस्त्या सुटतात, कारण समितीत तिथलं कोणी नसतं. पाणी बहुतेक वेळा तिथेच आधी शिरतं. त्या वस्तीतली जोडी त्या वस्तीतलीच हवी.

वहीची एक प्रत जोडगावाकडे ठेवा. गावातली वही भिजणार हे धरून चाला.

कधी निघायचं : आकडा आधी ठरवा

२०१९ ला बरीच घरं उशिरा रिकामी झाली त्याला एक वाक्य कारण होतं : ‘पाच साली इथं पाणी आलं नव्हतं.’ सांगलीत २००५ पेक्षा २०१९ चं पाणी तीन फुटांहून जास्त चढलं. जुना पूर ही मर्यादा नसते, ती फक्त एक नोंद असते.

सांगलीत आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर इशारा ३९, धोका ४३. हे शहराचे आकडे झाले. तुमच्या गावाचा आकडा तुम्हालाच काढावा लागतो. तो काढताना ‘आपल्या घरात पाणी कधी येतं’ हे विचारू नका, ‘आपला बाहेर पडायचा रस्ता कधी बुडतो’ हे विचारा. या पट्ट्यात घराच्या आधी रस्ता जातो. घर कोरडं आणि गाव बेट झालेलं, अशी अवस्था दोन-दोन दिवस राहते आणि तेव्हा नावेशिवाय पर्याय उरत नाही. जुन्या माणसांना, दूध संकलनाच्या गाडीवाल्यांना आणि एसटीच्या चालकांना विचारलं की हा आकडा निघतो.

आता त्यातून मागे मोजत या. समजा गावात ४०० म्हशी-गायी आहेत. एका ट्रॉलीत पाच बसतात, म्हणजे ८० खेपा. ट्रॉल्या दहा असतील तर प्रत्येकीच्या आठ खेपा. चढवणं, नेणं, उतरवणं, परत येणं धरून खेपेला दीड तास. झाले बारा तास, तेही दिवसाउजेडी आणि एकही टायर पंक्चर न होता. पाणी तासाला अर्धा फूट चढत असेल तर बारा तासांत सहा फूट. रस्ता ४१ फुटांना बुडत असेल तर जनावरं ३५ ला हलली पाहिजेत, इशारा पातळी यायच्याही आधी. गणित मांडून दाखवल्याशिवाय हे कोणाला पटत नाही. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ते मोठ्या अक्षरांत रंगवा, शेजारी २००५, २०१९, २०२१ च्या पाण्याच्या रेषा मारा.

नुसत्या पातळीवरही विसंबू नका. जुलै २०२१ मध्ये पाणी २०१९ पेक्षा झपाट्यानं चढलं. दर तासाला पातळी लिहा. सलग तीन तास, दर तासाला अर्ध्या फुटाच्या वर चढ दिसला तर ठरलेल्या आकड्याची वाट न पाहता निघा. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे पाणी भरलं की आपोआप उघडतात, कोणी विचारून उघडत नाही. कोयनेच्या विसर्गाची वेळ आणि तुमच्या घाटावर पाणी चढल्याची वेळ दोन-तीन पावसाळे शेजारी शेजारी लिहिली की तुमच्या गावाचं अंतर तासांत कळतं. नृसिंहवाडीला दक्षिणद्वार सोहळा झाला, म्हणजे पुराचं पाणी दत्ताच्या पादुकांवरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडलं, की खालची गावं आवराआवर करतात, तो अंदाजही वाईट नाही. पण देव पाण्यात असतो तेव्हा तुमचा रस्ता कुठे असतो, तेही वहीत असू द्या.

आधी जनावरं, मग माणसं

माणसं घर सोडत नाहीत त्याचं खरं कारण गोठ्यात बांधलेलं असतं. दुभती म्हैस सोडून शाळेत झोपायला कोणी जाणार नाही. त्यामुळे जनावरांची सोय झाली की निम्मं गाव आपोआप हलतं.

मोठ्या जनावराला रोज ५ ते ६ किलो कडबा आणि १५ ते २० किलो हिरवी वैरण लागते. पुरात हिरवी मिळत नाही, त्यामुळे मुरघास, म्हणजे हवाबंद दाबून आंबवलेली हिरवी वैरण, करून ठेवा. दिवसाला जनावरामागे १५ किलो धरला तर ४०० जनावरांना ६ टन, आठ दिवसांना ४८ टन. एवढं एका गावाला झेपत नाही. जोडगावाच्या माळावर निम्मा साठा आणि घरटी एक पिशवी असं वाटून घ्या. १० जुलैच्या आत साठा वर गेलेला हवा. मुरघासाची सवय नसलेल्या जनावराला पहिल्या दिवशी पोटभर घातला तर ते हगवणीला लागतं. पावसाळ्याआधी आठवडाभर थोडाथोडा खाऊ घाला. पुराच्या पाण्यात बुडालेलं, गाळ बसलेलं वाढं कितीही वाया जाताना दिसलं तरी घालू नका.

एका छपराखाली दहा गोठ्यांची जनावरं आली की रोग पसरतात. घटसर्प, फऱ्या आणि लाळ्या-खुरकूत यांचं लसीकरण मे-जूनमध्ये पुरं करून घ्या. जोडगाव तुमची जनावरं घ्यायला बिचकतं ते याच भीतीनं. कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर घरयादीत लिहा आणि फोटो काढा. जनावर दगावलं तर भरपाईच्या कागदात तो लागतो. दगावलेल्या जनावराची डॉक्टरकडून तपासणी आणि पंचनामा होईपर्यंत पुरू नका. पशुवैद्यकीय मदतीचा क्रमांक १९६२.

पैसा

दोनशे घरांनी महिन्याला ५० रुपये काढले तर वर्षाला १ लाख २० हजार होतात. भिशीची सवय आपल्याकडे आहेच, बचत गटाच्या बायकांकडे द्या म्हणजे वसुली होते. खातं तिघांच्या सहीचं, त्यात निदान एक बाई. पुराच्या दहा दिवसांत निम्म्याहून जास्त खर्च करायचा नाही हा नियम आधीच लिहा. उरलेलं पाणी ओसरल्यावर लागतं, तेव्हा बाहेरचे मदतवाले निघून गेलेले असतात. औषध, डिझेल, पंपाचं भाडं यासाठी सरळ खर्च. घर किंवा दुकान पुन्हा सुरू करायला बिनव्याजी उसने, दहा हप्त्यांत परत. हप्ते येत नाहीत तेव्हा निधी दुसऱ्या पुरापर्यंत पोहोचत नाही, हे अगदी नेहमीचं. म्हणून उसने घेणाऱ्यांची यादी दर महिन्याला बैठकीत वाचायची. लाज वाटते, पण चालतं.

गावाबाहेर वर्गणी मागायची असेल तर नोंदणी नसलेल्या मंडळानं धर्मादाय कार्यालयाकडून कलम ४१ क खाली परवानगी घ्यावी, गणेश मंडळं घेतात तशीच. परदेशातल्या मराठी माणसांना पैसे पाठवायचे असतात. ते तुमच्या खात्यावर घेऊ नका. त्यांच्यातल्या विदेशी नागरिकत्व घेतलेल्यांची रक्कम विदेशी देणगीची नोंदणी असलेल्या संस्थेलाच स्वीकारता येते. त्यांना तसं स्पष्ट सांगा, राग येत नाही कोणाला.

पाणी चढताना

मोबाईलचे मनोरे वीज गेल्यावर काही तासांत बंद पडतात. तोपर्यंत व्हॉट्सॲपचे दोन गट ठेवा : एकात फक्त तिघं लिहितील आणि फक्त पातळी, विसर्ग, निघायची वेळ, दुसऱ्यात गाव काय हवं ते बोलू दे. एकच गट ठेवला की धरण फुटल्याच्या अफवेखाली खरी पातळी दबते. मनोरा गेल्यावर देवळाचा आणि मशिदीचा भोंगा, त्याला बॅटरी, त्यानंतर दवंडी. जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७, रुग्णवाहिका १०८.

नाव हा शेवटचा उपाय. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला नाव उलटली, माणसं गेली. नावेत क्षमतेपेक्षा जास्त लोक होते. नावेच्या दोन्ही बाजूंना माणसांचा आकडा रंगवा आणि किनाऱ्यावर मोजणारा वेगळा माणूस उभा करा. नावाड्याला नाही म्हणता येत नाही, समोर ओळखीचेच रडत असतात. जॅकेट नसेल तर खेप नाही. उसाच्या फडावरून मोटरबोट नेऊ नका, पाचट आणि वाढं पंख्यात गुंततं. रबरी बोटीला काटेरी तार आणि बाभळ फाडते. विजेच्या तारांखालून जाताना पाणी वर आल्यामुळे तार हाताला लागेल इतकी खाली असते, म्हणून महावितरणकडून लाईन बंद असल्याची खात्री होईपर्यंत थांबा.

निवाऱ्यातल्या स्वयंपाकाचं गणित सोपं आहे : शंभर माणसांच्या एका वेळच्या खिचडीला १० किलो तांदूळ, ४ ते ५ किलो डाळ, लिटरभर तेल, साधारण अर्धा किलो मीठ. पाणी माणशी रोज १५ लिटर, त्यातलं ३ लिटर प्यायला. संडास पहिल्या दिवशी पन्नास माणसांमागे एक तरी हवा, बायकांचे वेगळे आणि रात्री दिव्यासकट. ही सोय नसली की बायका पाणी प्यायचं सोडतात.

पाणी ओसरल्यावर, क्रमानं

मातीची घरं पाणी चढताना कमी आणि ओसरल्यावर जास्त पडतात. आतून भिजून जड झालेली भिंत बाहेरच्या पाण्याच्या आधारानं उभी असते, आधार गेला की बसते. पांढऱ्या मातीच्या घरात दोन-तीन दिवस शिरू नका. भिंतीला पोट आलंय का, आढ्याजवळ भेग आहे का, हे बाहेरून पाहा.

मग फोटो. काहीही हलवायच्या आधी. पाण्याची रेषा, तिच्याशेजारी घरातला माणूस, प्रत्येक खोली, धान्य, यंत्रं. तारीख-वेळ दिसेल असे.

त्यानंतर साप. नाग, घोणस, मण्यार कोरड्या जागी चढलेले असतात : माळ्यावर, गादीच्या गुंडाळीत, चुलीत. काठीनं हलवून मगच हात घाला. दंश झाला तर थेट ग्रामीण रुग्णालय, मांत्रिक नाही.

वीज घाईनं नको. मीटर किंवा बोर्ड बुडाला असेल तर तारतंत्र्यानं पाहिल्याशिवाय मेन चालू करायचा नाही. मोटारी सुकवल्याशिवाय लावल्या की जळतात, ते नुकसान पुराचं नसतं, घाईचं असतं.

आता गाळ. इथे पैरा कामाला येतो. एका घराला आठ ते दहा माणसांची टोळी लागते : तिघं फावड्यावर, चौघं पाट्या वाहायला, दोघं खराटा आणि पाइपावर, एक सामान वेचायला. हे शेवटचं काम घरच्या बाईनं करायचं, कारण गाळातला तांब्या कुठला आणि मंगळसूत्र कुठलं हे तिलाच कळतं. गाळ ओला आहे तोवर काढा, पक्क्या घरातला दोन दिवसांत. ऊन पडलं की त्याचं ढेकूळ होतं आणि एका घराचं काम तिप्पट वाढतं. घरांचा क्रम आधी ठरलेला असावा : म्हातारी-एकटी माणसं, बाळंतीण, मग बाकीचे चिठ्ठीनं. सरपंचाचं घर क्रमात जिथे येईल तिथे. पायात गमबूट, हातात मोजे. पायाला जखम असलेल्यानं गाळात उतरू नये, लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. त्याची प्रतिबंधक गोळी आरोग्य केंद्रातून डॉक्टरांना विचारूनच घ्या. भिंती महिनाभर सुकू द्या, लगेच रंग दिला तर पोपडे येतात.

विहीर

बुडालेली विहीर एकदम उपसू नका. भोवतालची जमीन पाण्यानं भरलेली असते, विहीर रिकामी झाली की कडा आत ढासळतात. थोडं उपसा, थांबा, पुन्हा उपसा. गढूळपणा गेला की पाणी मोजा : व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली (मीटरमध्ये) गुणिले ७८५, म्हणजे लिटर. ४ मीटर व्यास आणि ५ मीटर पाणी असेल तर ६२,८०० लिटर. पहिल्या धुलाईला हजार लिटरला २०० ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग पावडर), म्हणजे इथे साडेबारा किलो. रात्रभर ठेवा, हे पाणी कोणी पिणार नाही यासाठी राहाटाला कुलूप लावा, सकाळी उपसून टाका, ओढ्यात किंवा पिकात सोडू नका. नंतर रोज हजार लिटरला अडीच ग्रॅम, पहिले पंधरा दिवस ५ ग्रॅम.

पावडर थेट विहिरीत फेकणं ही नेहमीची चूक. बादलीत जास्तीत जास्त शंभर ग्रॅम घेऊन आधी लगदा करा, मग पाऊण बादली पाणी, दहा मिनिटं निवळू द्या. वरचं पाणी दुसऱ्या बादलीत घ्या, खालचा चुना फेका. ती बादली पाण्याखाली सोडून हिसके द्या. पहिल्या मोठ्या मात्रेला ड्रम वापरा आणि निवळीच टाका. तासाभरानं ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का याची तपासणी. पिवळा रंग यायला हवा. रंग येत नसेल तर पावडर जुनी असते. उघड्या पोत्यातलं टीसीएल पावसाळ्यात दोन महिन्यांत निकामी होतं, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

पंचनामा

तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक येतील तेव्हा घरयादीवाली जोडी सोबत फिरली पाहिजे. आधार, रेशन कार्ड, पासबुक, सातबारा, आठ-अ यांच्या प्रती जोडगावाकडे ठेवलेल्या असतील तर काम अर्ध्या वेळात होतं. घरात पाणी कोणत्या तारखेला शिरलं आणि कधी निघालं हे नक्की लिहून घ्या. कपडे-भांड्यांच्या मदतीला दोन दिवसांहून जास्त काळ घर पाण्यात असल्याची अट अनेकदा लागते, कधी शासन ती शिथिल करतं. भाडेकरूचं सामान त्याच्या नावानं लिहायला लावा, नाहीतर रक्कम मालकाच्या खात्यावर जाते आणि वर्षानुवर्षांचं वैर होतं. पीकविम्याचे नियम हंगामागणिक बदलतात, ते जूनमध्येच वाचून फलकावर लावा.

बाहेरून येणारा ट्रक

२०१९ ला जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला भिजत पडले होते, आणि आतल्या वाड्यांना मेणबत्ती नव्हती. जाळ्याकडून एकच माणूस बाहेरच्यांशी बोलेल, त्याच्याकडे रोज सकाळी बदलणारी दहा वस्तूंची यादी असेल : खराटे, गमबूट, फिनेल, टीसीएल, सॅनिटरी पॅड, ताडपत्री, पशुखाद्य वगैरे. ‘कपडे नकोत’ हे पहिल्या ओळीत. ट्रक गावात न आणता जोडगावात उतरवा आणि तिथून घरयादीप्रमाणे वाटा. ट्रकवरून फेकलेलं सामान धडधाकट पोरांनाच मिळतं.

पैरा-वही

कोण कोणाच्या घरी किती दिवस राबलं, कोणाच्या गोठ्यात कोणाची किती जनावरं किती दिवस होती, किती ट्रॉली वैरण आली, हे रोज संध्याकाळी लिहायचं. रुपयात नाही, दिवसांत आणि ट्रॉलीत. रुपयात मांडलं की भांडण भावावर जातं. ज्याला अंगमेहनत झेपत नाही त्याचा दिवस दुसऱ्या कामात धरा : स्वयंपाक, पोरं सांभाळणं, यादी लिहिणं.

दिवाळीनंतर दोन्ही गावांची बैठक जोडगावात घ्या, नदीकाठी नको; देणेकऱ्यानं जायचं असतं. वही वाचा. राहिलेले दिवस उन्हाळ्यात कसे फेडायचे ते तिथेच ठरवा : तळ्याचा गाळ काढायला इतकी माणसं, इतक्या ट्रॉली वाढं. पंप, नाव, जॅकेट, दोर यांची मोजदाद करून कोणाच्या ताब्यात आहे ते लिहा. पंपातलं डिझेल काढून ठेवा. भिंतीवर या वर्षीच्या पाण्याची रेषा मारा, आणि रस्ता प्रत्यक्षात किती फुटांना बुडाला तो आकडा जुन्या आकड्याच्या जागी रंगवा.